तिसऱ्या खांद्याचं आवतन

पुंजाजीच्या लेकीचं, लिलीचं लग्न झालं ते साल चौऱ्याहत्तर. दुष्काळाची दोन वर्षं मागे पडली होती, आणि इंझोरीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात, बौद्धपुऱ्यात, एका वैशाखात पाच लग्नं निघाली. लिलीचं त्यातलं तिसरं. वऱ्हाड शिरपूरहून यायचं होतं. नवऱ्या मुलाचा चुलता मास्तर होता, चष्मा लावायचा, आणि त्या चष्म्याची पुंजाजीला आठ दिवस आधीपासून धास्ती होती. म्हणून त्यानं आपल्या भावाला गोठ्यात बांधलं.

"लग्नापुरतं," तो बायकोला म्हणाला. "तीन दिवस. वऱ्हाड गेलं का सोडतो."

भावाचं नाव देवमन. पुंजाजीच्या पाठचा, छत्तीस वर्षांचा. दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता एक दिवस त्यानं हातोडा खाली ठेवला आणि कोणाशी तरी बोलायला लागला. ते कोणीतरी बाकीच्यांना दिसत नव्हतं. बायको माहेरी गेली ती गेलीच. देवमननं कोणावर हात उचलला नाही, पण एकदा तो गावातल्या गोविंदसिंग ठाकुराच्या विहिरीत उतरून पायरीवर दिवसभर बसून राहिला आणि पाण्याला आलेल्या बायांशी आतून बोलला. "आज कोनती भाजी हाय वो?" एवढंच विचारलं त्यानं. बाया घागरी टाकून पळाल्या. दोन फुटल्या.

वऱ्हाड आलं, जेवलं, गेलं. मास्तरनं चष्म्यातून गोठ्याकडे पाहिलंही नाही. चौथ्या दिवशी पुंजाजी साखळी सोडायला गेला, तर नांगरलेल्या वावरात ढेकळं फोडायची होती. याच्यामागे कोण धावेल म्हणून त्यानं उद्यावर टाकलं. मग पेरणी आली. मग निंदण, मग डवरणी. तीन दिवसांचे साडेतीन महिने झाले. साखळी दीड हाताची होती. कुलपाची किल्ली पुंजाजीच्या करदोड्याला. आंघोळ करताना ती थंड लागायची, आणि दिवसातून तेवढ्याच वेळी त्याला तिची आठवण व्हायची.

गोविंदसिंग ठाकूर गावातला मोठा कास्तकार. आपली चार एकर करून उरलेले दिवस पुंजाजी त्याच्याकडे जाई. श्रावण सरत आला तेव्हा बांधावर उभं राहून गोविंदसिंग म्हणाला, "पुंजा, माया भाचा उदयसिंग मंगरूळपीरले सरकारी डॉक्टर हाय. पोया झाला का सोमवारी चाल. त्याचा दाखला घेऊ, कोर्टातल्या साहेबाचा हुकूम घेऊ, अन् देवमनले शयरातल्या येड्याइच्या दवाखान्यात धाडून देऊ. तुयाई जीव सुटन अन् गावाचाई."

"बरं हाय ठाकूर," पुंजाजी म्हणाला.

त्या दवाखान्यातून परत आलेला एकही माणूस त्याला माहीत नव्हता. हे त्यानं घरी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. त्याच्या म्हाताऱ्या मायनं, धुरपताबाईनं, बातमी ऐकली आणि दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून जेवली, आणि जेवल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पावसाची झड लागलेली. दिवेलागणीला खांदशेकणी करायची होती. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सुजतो, तो गरम पाण्यानं शेकायचा, पळसाच्या पानानं तूप-हळद लावायची आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा धुरपताबाईनं घरातले देव स्वतःच्या हातानं टोपलीत भरले होते. पण कोणी पोळ्याचं नाव काढलं की म्हणायची, "देव गेले, बैल कुठी गेला? बैल का कोन्या देवाचा असते? तो कष्टाचा असते."

तिला सत्तरी लागली होती. दोन्ही डोळ्यांत फुलं पडलेली. कंदील डोळ्यांसमोर धरला तर तेवढा पिवळा डाग दिसायचा. तरी आवतन तीच देणार.

"माय, मी लावतो. निसरडं झालं हाय," पुंजाजी म्हणाला.

"कंदील धर तू. मले वाट नोको दाखवू, गोठा माया हाय."

सून विमलबाई गरम पाण्याचं गंज घेऊन मागं उभी राहिली. म्हातारी चाचपत गेली. पहिला मोऱ्या. तिनं त्याचा खांदा शेकला, पान फिरवलं आणि घसा साफ करून, पाव्हण्याला म्हणतात तसं म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मोऱ्यानं कान हलवला.

दुसरा हरण्या. तो जरा खोडकर, त्यानं पानच चाटलं. म्हातारीनं त्याच्या नाकावर हलकी चापट मारली, दुसरं पान घेतलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मग ती आणखी दोन पावलं पुढं गेली. तिथं तिसऱ्या खुंट्याशी, अंगावर ओलं पोतं घेऊन, देवमन उकिडवा बसला होता. पुंजाजीच्या तोंडून 'माय' निघायच्या आत तिचा हात पोत्याखाली गेला. तिनं खांदा चाचपला. हाड वर आलं होतं. तिनं गरम पाण्याचा बोळा त्यावर ठेवला, दाबला, पुन्हा बुडवून ठेवला. पळसाचं पान तूप-हळदीत भिजवून अगदी सावकाश फिरवलं. आणि त्याच आवाजात म्हणाली,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."



"येतो ना बाप्पा," देवमन म्हणाला. "काय रांधून राह्यले?"

विमलबाईनं पदर तोंडात कोंबला, तरी हसू बाहेर आलंच. गंज हिंदकळून पाणी पुंजाजीच्या पायावर पडलं. चटका बसला. तोही हसला.

"माय, चुकलं ना व. तो देवमन होय."

"असंन."

"अवं, तू त्याले आवतन देल्लं!"

"देल्लं तं देल्लं. देल्लेलं आवतन मांघारी घेते का कोनी? आपल्या घरात तं नाई घेतलं आजवर." तिनं हात पदराला पुसला. "उद्याचा दिवस त्याले सोडा लागन. पाव्हना का साकयदंडासकट पाटावर बसवशीन?"

"सोमवारी त्याले न्याचं हाय माय."

"सोमवार सोमवारी. उद्या पोया."

पुंजाजी घरात येऊन बायकोला म्हणाला, "मानसाचा खांदा अन् बैलाचा खांदा बुडीले समजला नसंन?"

विमलबाई पुरणाची डाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मले काय इचारता? इचारा जाऊन तिले."

त्यानं विचारलं नाही.

सकाळी झड थांबली होती. पुंजाजीनं करदोड्याची किल्ली सोडली. कुलूप गंजलेलं. गोडं तेल सोडून दोन-तीनदा हिसका दिला तेव्हा निघालं. देवमनच्या घोट्याभोवती चामडं काळं पडून एका बाजूला फुटलं होतं. विमलबाईनं कडुनिंबाचं पाणी आणलं. जखम धुताना देवमननं दात आवळले आणि म्हणाला, "वयनी, तुया हात लयच जड हाय."

"माया हात जड, अन् तुमच्या भावाचं कुलूप हलकं?" ती म्हणाली. एवढं ती नवऱ्यासमोर त्याआधी कधी बोलली नव्हती.

बैल धुवायला नाल्यावर नेले. मोऱ्याचा कासरा पुंजाजीकडे, हरण्याचा देवमनकडे. वाटेनं पुंजाजीला काहीतरी खटकत राहिलं. पाय मोकळे होते तरी देवमन तोकडं पाऊल टाकत होता, दीड हाताचंच. चिखल आला की थांबायचा आणि मागं वळून पाहायचा. पुंजाजीनंही मग आपली पावलं लहान केली. दोघा भावांना आणि दोन बैलांना नाल्यावर पोचायला दुप्पट वेळ लागला.

पाण्यात उतरल्यावर देवमन बडबडायला लागला. नेहमीची बडबड, कोणाशी तरी. पण नाल्यावर त्या दिवशी जो तो आपल्या बैलाशी बोलत होता. 'फिर रे इकडे', 'बस झाले तुये नखरे'. त्या गलक्यात देवमनचं बोलणं कोणाच्या कानाला टोचलं नाही. पुंजाजीनं बैलाची पाठ घासली आणि मग, इकडे तिकडे पाहून, त्याच घासणीनं भावाची. मळाच्या वळ्या निघाल्या.

"हयू," देवमन म्हणाला. "मी का म्हैस होय?"

दुपारी शिंगांना बेगड लागली, नव्या मोरख्या चढल्या. तोरण पाटलाच्या वाड्यापुढं. बौद्धपुऱ्यातल्या बैलांची जागा रांगेच्या टोकाला, ते कोणाला सांगावं लागत नसे. धुरपताबाई काठी टेकत तिथवर आली आणि दगडावर बसली. तांड्यावरचा हेमला कमरेला डफडं बांधून आला होता, दोन पोरं झांजा घेऊन त्याच्यामागं.

गोविंदसिंगची खिल्लारी जोडी सगळ्यात पुढं. जोडी गड्याकडे देऊन तो रांग पाहत मागं आला आणि देवमनपाशी थबकला.

"ह्याले कोनं सोडलं?"

पुंजाजीनं कासरा या हातातून त्या हातात घेतला. "मी सोडलं ठाकूर. म्हंजे... मायनं..."

"आवतन हाय त्याले," म्हातारी दगडावरून म्हणाली.

"कशाचं आवतन?"

"पोयाचं. तूप-हयद लावून देल्लं."

"अवं बुडे, आवतन बैलाले असते!"

"हो ना. तुया घरचा तो लंगडा बैल, दोन सालापासून वखराले लागत नाई. त्याले देल्लं का नाई काल?"

"देल्लं."

"काहून देल्लं? कामाचा तं नाई."

"घरचा हाय म्हनून देल्लं."

"मंग?" म्हातारी म्हणाली.

शेजारचे दोघे-तिघे हसले. गोविंदसिंगनं मिशीवर हात फिरवला. "काई झालं तं मी जिम्मेदार नाई," असं म्हणून तो आपल्या जोडीकडे गेला. पोळ्याच्या दिवशी आवतन दिलेल्याला बांधा असं म्हणायला त्याचीही जीभ रेटली नाही.

मग हेमलानं डफड्यावर टिपरू मारलं. झांजा सुरू झाल्या. रांग पुढं सरकली आणि देवमन मटकन खाली बसला. चिखलात, भर रांगेत, दोन्ही हात कानांवर. कासरा सुटला. हरण्या त्याच्या डोक्यावर मान घालून उभा राहिला. मागचे बैल अडले, माणसं ओरडायला लागली.

"म्हनलं होतं का नाई!" पुढून गोविंदसिंगचा आवाज आला.

पुंजाजीच्या हातात मोऱ्याचा कासरा होता, नवा, लांब. त्याच्या हातांना पुढचं काम पाठ होतं: दोन वेढे, एक गाठ, आणि ओढत घरी. हात वळलेही. मग त्याची नजर देवमनच्या उघड्या खांद्यावर गेली. सदरा खाली ओघळला होता. नाल्यात एवढं घासूनही हळदीचा पिवळेपणा तसाच होता.

त्यानं मोऱ्याला शेजाऱ्याच्या हाती दिलं आणि तो भावाशेजारी चिखलात बसला. लिलीच्या लग्नात घेतलेलं धोतर, तिसऱ्यांदाच नेसलेलं.

"देवमन, काय होऊन राह्यलं?"

देवमननं कान आणखी घट्ट दाबले.

"काय पायजे तुले? सांग."

हे त्यानं अडीच वर्षांत कधी विचारलं नव्हतं. देवमनलाही ते नवंच असावं, कारण त्यानं एका कानावरचा हात काढला.

"लय जन हायेत दादा. आत एक बोलते, अन् भाईर ते डफडं. दोघाचं मले समजत नाई. एकाले थांब म्हना."

"आतल्याले?"

"तो का माह्या बापाचं आयकते? डफड्याले."

पुंजाजी उठला. मागून धोतराला चिखलाचा मोठा गोल. तो हेमलापाशी गेला, आणि सगळं गाव ऐकत असताना म्हणाला, "हेमलाभौ, माह्या भावाले आवाजाचा तरास होऊन राह्यला. जरा थांबतं का?"

हेमलानं टिपरू बगलेत धरलं. त्यानं देवमनकडे पाहिलं, तोरणाकडे पाहिलं. "थांबतो ना. पाच मिनिट डफडं नाई वाजलं तं बैल का रुसते?"

"बिनवाजंत्रीचा पोया?" कोणीतरी कुरकुरलं.

"तुले येवढी हौस असंन तं तोंडानं वाजव," हेमला म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला.

रांग चालायला लागली. डफडं बंद, झांजा बंद. आणि मग गावाला बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा ऐकू आल्या. साठ-सत्तर बैल, प्रत्येकाचा वेगळा नाद, चिखलातून उचलणाऱ्या खुरांबरोबर. दर पोळ्याला त्या वाजतच असणार, पण डफड्याखाली कोणी ऐकल्या नव्हत्या. माणसं आपसूक हळू बोलायला लागली. देवमन उठला. हरण्याचा कासरा त्यानं स्वतःच उचलला आणि तोरणाखालून गेला. जाता जाता वर पाहून म्हणाला, "आंब्याचे पानं कमी बांधले औंदा," आणि ते खरं होतं.

त्या पोळ्याला गावानं पुढं 'मुका पोळा' असं नाव ठेवलं.

घरी आधी बैल जेवले, मग देवमन. स्वयंपाकघरात पाट मांडला, पाय धुवायला पाणी दिलं. विमलबाई वाढताना पहिल्यांदा लांबून हात करत होती. चौथ्या पोळीला ती जवळ बसली. सातवीला म्हणाली, "देवमनभौ, बैलानं पाच खाल्ल्या."

"बैलाले आवतन एकदाच देल्लं वयनी. मी साडेतीन मयन्याचा पाव्हना हावो."

नऊ खाल्ल्या त्यानं. ढेकर दिली, हात धुतले, आणि सवयीनं गोठ्याकडे निघाला. धुरपताबाईला ते तोकडं पाऊल ऐकू आलं.

"कुठी चालला रे? जेवलेल्या पाव्हन्याले का कोनी गोठ्यात निजवते? ओसरीवर टाक रे पुंजा त्याची वाकय."

पुंजाजीनं वाकळ टाकली. किल्ली त्यानं करदोड्याला परत बांधली नाही, कोनाड्यात ठेवली.

सोमवारी बैलगाडीनं मंगरूळपीरला गेले. गोविंदसिंग पुढं बसला होता, मागं दोघं भाऊ. निघताना म्हातारीनं देवमनच्या सदऱ्याची गुंडी चाचपून लावली. वाटेत गोविंदसिंग म्हणाला, "साकयदंड आनला ना? रस्त्यात काई केलं तं?"

"इसरलो," पुंजाजी म्हणाला. तो विसरला नव्हता.

डॉक्टर उदयसिंग तिशीतला, बारीक अंगाचा. मामाला त्यानं वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली. दुसरी खुर्ची देवमनपुढं सरकवली. "बसा तुम्ही."

देवमननं मागं वळून पाहिलं, कोणाला म्हणाला म्हणून. मागं भिंत होती.

"काय त्रास होतो तुम्हाला?"

"अडीच वर्सापासून येडा हाय तो," गोविंदसिंग म्हणाला.

"खडी फोडता फोडता झालं साहेब," पुंजाजी म्हणाला.

डॉक्टरनं दोघांकडे पाहिलं. "मी यांना विचारलं." आणि थोडं थांबून, "मामाजी, तुम्ही बाहेर बसा. भाऊ बसले तर चालतील का?" हेही त्यानं देवमनलाच विचारलं.

"बसू द्या," देवमन म्हणाला. "त्याले घरी जाऊन मायले सांगा लागन."

मग देवमन बोलला. तुटक बोलला, मध्ये कोपऱ्याकडे पाहून 'थांब ना बे' म्हणाला, पण बोलला. आवाज एकाच माणसाचा येतो, ओळखीचा वाटतो पण नाव सांगत नाही. कधी शिव्या देतो, कधी विनोद सांगतो. झोप लागत नाही. गोठ्यात माशा फार होत्या. घोटा दुखतो. बायकोची आठवण येते. पुंजाजी जमिनीकडे पाहत ऐकत होता. यातलं निम्मं त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते सगळं दीड हात साखळीच्या टोकाला, त्याच्याच घरात बसलेलं होतं.

"तुम्हाला कुठं राहायचंय?" डॉक्टरनं विचारलं.

"घरी. बैल हायेत तिथं. अन् वयनीच्या पोया चांगल्या असते."

"गोळ्या देतो. झोप लागेल, आवाज कमी येईल. पण तोंड कोरडं पडेल, हात थोडे थरथरतील. नाही झेपलं तर इथं येऊन मला सांगायचं, मग बदलू. घेणार का?"

"नाई घेतल्या तं बांधता का?"

"नाही. बांधणार नाही."

देवमननं विचार केला. डॉक्टर थांबला. बाहेर माणसांची रांग होती, तरी थांबला.

"घेतो मंग. थोड्या थोड्या घेतो."

गोविंदसिंग आत आला. "झाला का दाखला?"

"कशाचा मामाजी? यांनी कोणाला इजा केली नाही. चालत आले, आपलं आपण बोलले, घरी राहायचं म्हणतात. घरचे ठेवायला तयार आहेत." तो पुंजाजीकडे वळला. "आहात ना?"

पुंजाजीला उभं राहावंसं वाटलं. तो उभा राहिला. "हावो साहेब. ठेवाचं काय त्यात. त्याचंच घर हाय थे."

"मंग मी कायले आलो येवढा गाडी जुतून?" गोविंदसिंग म्हणाला.

"आलात म्हणून तर हे इथवर पोचले."

परतीच्या वाटेवर गोविंदसिंग बराच वेळ फुगून बसला होता. नाला ओलांडताना त्याला राहवलं नाही. "बहिनीले म्हनलं होतं, पोराले वकील कर. डॉक्टर केला, आता मामालेच भाईर काढते." मग मागं वळून, "काय रे देवमन, त्या दिवशी इहिरीत काहून बसला होता तू?"

"थंड वाटे ठाकूर. अन् बाया बोलाले येत."

गोविंदसिंग एवढा हसला की बैल थांबले.

धुरपताबाई अंगणात काठी घेऊन उभीच होती. गाडीची चाकं वाजली तशी तिनं मान तिरपी केली. एकाचे पाय उतरले, मग दुसऱ्याचे.

"दोघं?" तिनं विचारलं.

"दोघं," पुंजाजी म्हणाला.

"बरं हाय. भाकरी गरम हाय," ती म्हणाली, आणि वळताना उंबऱ्याला अडखळली. विमलबाईनं धरलं म्हणून पडली नाही.

देवमन बरा झाला असं कोणी म्हणणार नाही. गोळ्या त्यानं घेतल्या, दोनदा बंद केल्या, दोनदा जाऊन डॉक्टरला सांगून बदलून आणल्या. कधी वावरात राबे, कधी आठ-आठ दिवस ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडून राही. तेव्हा पुंजाजी शेजारी बसून विचारायचा, काय पायजे. कधी उत्तर मिळे, कधी 'जाय ना बे तिकडे' एवढंच मिळे, आणि मग तो जाई. घरात त्याला पुन्हा कोणी बांधलं नाही, कुठं धाडलंही नाही.

धुरपताबाई एकोणऐंशी सालच्या माघात वारली. गोविंदसिंग पंच्याऐंशीत. देवमन अठ्ठ्याण्णव साली कार्तिकात, दोन दिवसांच्या तापानं, त्याच घराच्या ओसरीवर वारला. तेव्हा तो साठ वर्षांचा होता.